चुना, गेरू आणि नीळ

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा उचललेली वस्तू म्हणजे एक सागवानी टेबल. ते माझं नव्हतं आणि मी बनवलेलंही नव्हतं, पण त्याचा एक पाय किंचित आखूड आहे हे फक्त मलाच ठाऊक होतं. दुबईच्या खाडीकाठी इंग्रज सरकारची कचेरी होती. तिच्या मोठ्या हॉलमध्ये ते टेबल असे, आणि मी त्या कचेरीचा सुतार होतो.

ही साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात हे नाव तेव्हा कोणी ऐकलेलं नव्हतं. जबल अलीला वाळू होती, आणि आज मनखूलच्या ज्या इमारतीत माझा मुलगा राहतो तिथेही वाळूच होती. मागच्या रमजानमध्ये नातीला हे आणि मी इथे कसा आलो ते सांगत होतो. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "दादा, सो यू वेअर इल्लीगल?" मला राग आला. मग हसू आलं, कारण पोरगी बोलली ते खरंच होतं.

मी सत्ताविसाव्या वर्षी लाँचमधून आलो. रत्नागिरीच्या खाडीकाठचं आमचं गाव, घरात सगळे दर्यावर्दी, मी एकटाच लाकडात हात घातलेला. आई मला नावाने कधी हाक मारायची नाही, "ए सुतार" म्हणायची. लाँचवाल्याने खोरफक्कानच्या किनाऱ्याजवळ छातीइतक्या पाण्यात उतरवलं आणि बोट वळवली. हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन मी चालत किनाऱ्याला लागलो. खिशात मेणकापडात गुंडाळलेला पासपोर्ट होता, पण त्यावर विसा नव्हता आणि या देशात उतरल्याचा शिक्का नव्हता. तो शिक्का नसल्यामुळे पुढे माझं सगळंच अडलं.

माझा मामू, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कचेरीतल्या साहेबांचा स्वयंपाकी होता. त्याने मला साहेबांपुढे उभं केलं आणि म्हणाला, "साहब, मेरा भांजा. बहुत अच्छा कारीगर है." स्वयंपाकी विश्वासातला, म्हणून साहेबांनी कागद मागितले नाहीत. आम्ही दाखवले नाहीत.

तेव्हा दुबईतले इंग्रज एका हॉलमध्ये मावतील इतकेच होते. बँकेतले, तेलाच्या कामावरचे, इस्पितळातले, कचेरीतले आणि त्यांच्या बायका. घरापासून इतक्या लांब येऊन राहिलेल्या माणसांना कायदा लागतो, देव लागतो आणि करमणूकही लागते. हॉल मात्र एकच. शनिवार ते बुधवार तिथे कोर्ट चाले. गुरुवारी संध्याकाळी गाणी, नाच, कधी नाटक. शुक्रवारी सकाळी प्रार्थना. त्यांच्या धर्माचा वार खरा रविवार, पण इथे सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे इंग्रजांचा रविवार आमच्याकडे शुक्रवारी यायचा. त्यांच्या देवाने ही अदलाबदल चालवून घेतली होती असं दिसतं.

तिन्हीकडे मुख्य माणूस एकच, साहेब. न्याय तेच देत. गुरुवारच्या मंडळाचे अध्यक्ष तेच. पाद्री बहारीनला राहायचे, सहा-आठ महिन्यांतून एकदा यायचे, म्हणून एरवी शुक्रवारी पुस्तकातली प्रार्थनाही साहेबच वाचत. उंच, हडकुळे, पूर्वी हिंदुस्थानात नोकरी केलेले. हिंदुस्तानी चांगलं बोलत, पण शब्द मोजून. एखादी खुर्ची इंचभर सरकलेली असली की त्यांचा दिवस खराब जायचा. गुरुवारी सगळे नाचत तेव्हा हे कोपऱ्यात उभे राहून पडद्याच्या घड्या सरळ करत.

तर या एका हॉलचे आठवड्यातून तीन हॉल करणं हे माझं काम. पहिले काही आठवडे माझी फार धांदल उडाली. मग मी आमच्या धंद्यातली युक्ती काढली. जमिनीवर सुतळी मारून खुणा केल्या. कोर्टाच्या मांडणीला चुना, गुरुवारच्या मजेला गेरू, आणि पुढे प्रार्थनाही हॉलमध्ये आली तेव्हा तिला नीळ. कपड्यांना घालतात तीच नीळ, मामूच्या कपाटातून आणलेली. चुन्यावर टेबल ठेवलं की सरकार, निळीवर ठेवलं की देव. साहेबांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी बहारीनहून आलेल्या पाहुण्याला ती मुद्दाम दाखवली. मी दोन दिवस मामूशीसुद्धा ऐटीत बोललो.

चुन्याच्या मांडणीत टेबलासमोर एक एकटी खुर्ची असे. हिंदुस्थानातून विनाकागद आलेली माणसं तिच्याजवळ उभी राहत. बसायचं नसे, पाठ धरून उभं राहायचं. साहेब तीन प्रश्न विचारत. नाव काय, कधी आलास, विसा आहे का. मग लिहीत, "पुढच्या बोटीने परत." एक मलबारी शिंपी त्या खुर्चीला धरून लहान मुलासारखा रडला होता. मी दाराशी बिजागरी बसवत होतो. माझ्या हातातला स्क्रू तीनदा पडला. ती खुर्ची मी रोज पुसायचो आणि रोज वाटायचं, आपला नंबर कधी? मी काही इंग्रजांचा भाट नाही. ते दिवस मी विसरलेलो नाही.

चार वर्षं अशी गेली. मला गावी जायचं तर बोटीवर चढू देत नव्हते, शिक्का नाही म्हणून. चोरून लाँचने गेलो तर पुन्हा येणं नशिबावर. घरची चूल माझ्या आणि मामूच्या पगारावर पेटत होती. माझं लग्नसुद्धा त्याच शिक्क्यापायी अडलं होतं. आणि मग गावच्या मास्तरांच्या हातचं पत्र आलं. आईच्या पायांवर सूज चढली आहे, नजर गेल्यात जमा आहे. दारात कोणाची चाहूल लागली की विचारते, "सुतार आला काय?" मास्तरांनी शेवटी लिहिलं होतं, यायचं असेल तर लवकर ये.

पत्र मी मामूला वाचून दाखवलं. ती त्याची मोठी बहीण. पण संध्याकाळी भाजी चिरता चिरता म्हणाला, "दुआ कर. आपल्या हातात काय आहे?"

त्याच आठवड्यात पाद्री आले. हॉलमधली प्रार्थना सुरू झाल्यावरची त्यांची पहिलीच फेरी, कारण आधी ही मंडळी कोणाच्या तरी घरी जमत. जागेची अडचण झाली म्हणून सहा महिन्यांपूर्वी हॉलमध्ये आली होती. नवी मांडणी करताना मला एवढंच सांगितलं होतं, टेबल पुढे, त्यावर पांढरी चादर, समोर खुर्च्यांच्या रांगा. पुढे म्हणजे कुठे, हे कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, विचारायचं काय त्यात? प्रार्थना म्हटली की तोंड मक्केकडे. कचेरीच्या गच्चीवर जाऊन, जवळच्या मशिदीचा रोख ताडून मी दिशा नक्की केली. पश्चिम, जरा दक्षिणेला झुकलेली. त्यामुळे टेबल भिंतीला समांतर न बसता थोडं तिरकं बसलं. इंचभर तिरकं न खपणारे साहेबही त्यावर काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं असावं, सुताराला काहीतरी माहीत आहे.

अशा तऱ्हेने दुबईतले समस्त इंग्रज सहा महिने काबागृहाकडे तोंड करून आपल्या देवाची प्रार्थना करत होते. खुर्च्यांच्या पाठीमागे पूर्वेच्या खिडक्या. प्रार्थना सकाळी साडेसातची. टेबलामागे उभं राहून वाचणाऱ्याच्या डोळ्यांत नेमकं ऊन घुसायचं. साहेब सहा महिने कपाळावर हात धरून वाचत होते. या देशात ऊन देवाच्या कामातही सोडत नाही, अशी त्यांची समजूत झाली असावी.

पाद्री म्हातारे, गोल चेहऱ्याचे. दोन ओळी वाचल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी पुस्तक खाली ठेवलं, खिडकीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. सगळी मंडळी माना वळवून खिडक्यांकडे बघायला लागली. मी दाराशी उभा होतो. काहीतरी चुकलंय एवढं मला कळलं, काय ते कळेना.

प्रार्थना कशीबशी संपली. लोक चहाला बाहेर व्हरांड्यात गेले. आत राहिले साहेब, पाद्री आणि पेटी वाजवणारी म्हातारी नर्स. ही बाई पूर्वी कोल्हापूरकडच्या एका इस्पितळात होती, तिला मोडकं मराठी येई. तिनेच मला सांगितलं की त्यांच्या देवळात टेबल पूर्वेला असतं, अगदी उलट बाजूला.

साहेबांनी विचारलं, "यह किसने तय किया?"

"मैंने, साहब."

"क्यों?"

म्हणालो, "साहब, नमाज़ की मुझे एक ही दिशा मालूम थी."

मग नर्सबाईच्या पोटातून हसू फुटलं. ती पेटीवर डोकं टेकून हसत राहिली. पाद्रीही डोळे पुसता पुसता हसायला लागले. साहेब हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हललेलं मी पाहिलं. पाद्री म्हणाले आणि नर्सबाईने मला मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, सहा महिना देवाने तक्रार नाय केला. टेबल राहू दे. फक्त खिडकीला पडदा लाव."

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच सलाम करून निघालो असतो तर बरं झालं असतं. पण पाद्रींनी पुढे सांगितलं की ते लवकरच मुंबईला जाणार आहेत, आणि विचारलं, घरी काही निरोप द्यायचा आहे का. घरी कोण असतं?

"आई," मी म्हणालो.

"तुजी आई बरी हाय?" नर्सबाईने विचारलं.

तिच्या त्या मोडक्या मराठीने घात केला. चार वर्षांत कचेरीत कोणी मला माझ्या भाषेत आईबद्दल विचारलं नव्हतं. मी रडायला लागलो आणि सगळं सांगून बसलो. लाँच, खोरफक्कान, नसलेला शिक्का, पत्र, सगळं. थोडं मराठीत, थोडं हिंदीत. बोलून झाल्यावर भानावर आलो. समोर साहेब उभे होते. त्यांना हिंदीतला शब्द न् शब्द कळत होता.

साहेबांनी जमिनीकडे पाहिलं. टेबलाच्या पायाशी निळीची खूण होती. ते हळू आवाजात म्हणाले, "आज शुक्रवार है. आज यह कमरा कचेरी नहीं है. मैंने कुछ सुना नहीं." दारापर्यंत गेले आणि थांबले. "कल शनिवार है. बोलना हो तो कल बोलो. या मत बोलो."

मामूला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. "हबीबी, काय केलंस हे! पण साहेब म्हणाला ना, सुना नहीं? मग खलास. त्याने तुला वाट दिली. आता तोंडाला कुलूप लाव."

"आणि आई?"

"उद्या तू बोललास तर तुला बोटीत घालतील. परत येशील कसा? आणि मला विचारतील, कुक, तुमको मालूम था? मी काय सांगू? दोघांचे पगार गेले तर तिचं औषध कोण आणेल?"

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. दुपारी जुम्याच्या नमाजाला गेलो. इमाम काय बोलले एक अक्षर आठवत नाही. गप्प राहिलो तर नोकरी राहते, पण आई विचारत विचारत जाईल. बोललो तर आई भेटते, पण हा देश आणि मामूची भाकरी दोन्ही जातील. मी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडत राहिलो आणि दरवेळी आईची ती हाकच कानात येई.

शनिवारी सकाळी सहाला मी हॉलमध्ये गेलो. निळीवरून टेबल उचलून चुन्यावर न्यायचं होतं. एकट्याने ओढायची मला सवय होती, तसंच एक टोक धरलं. इतक्यात दार वाजलं. मामू आत आला. इतक्या वर्षांत तो हॉलमध्ये कधी आला नव्हता, त्याची हद्द स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. त्याने एप्रनने हात पुसले आणि टेबलाचं दुसरं टोक धरलं.

"बोल," तो म्हणाला. "माझी बहीण आहे ती. यल्ला, उचल."

आम्ही दोघांनी कोर्ट मांडलं. ती एकटी खुर्ची मीच चुन्याच्या खुणेवर ठेवली, पुसली, आणि आठ वाजता तिची पाठ धरून उभा राहिलो.

साहेबांनी मला ओळख दिली नाही. नाव विचारलं, जणू पहिल्यांदा बघत होते. कधी आलास? विसा आहे का? मी सगळं सांगितलं. मामूबद्दल त्यांनी विचारलंच नाही. मग ते लिहायला लागले. टेबलाचा आखूड पाय टकटक करत होता. सकाळच्या गडबडीत मी त्याखाली लाकडाची चीप घालायला विसरलो होतो. शेवटी कागद वाचून दाखवला, पुढच्या बोटीने परत. सगळ्यांना तेच, मलाही तेच.

मी मान खाली घातली. साहेबांनी चष्मा काढला, दुसरा कागद ओढला आणि बराच वेळ स्वतःच्या हाताने लिहिलं. तो पाकिटात घालून माझ्यापुढे सरकवला. "यह बंबई में हमारे दफ़्तर में देना. लिखा है कि इस कचेरी को सुतार चाहिए, और यही सुतार चाहिए. अंदर से विसा नहीं मिलता. बाहर जाओ, सीधे रास्ते से वापस आओ." मग तोच नेहमीचा चिडका सूर. "और वापस आकर इस टेबल का पैर ठीक करना."

त्या दिवशी दुपारी मामूचं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. सूपमध्ये मीठ दुप्पट पडलं. साहेबांनी अख्खी वाटी संपवली आणि एक शब्द काढला नाही.

हे दुसरं पाकीट त्या मलबारी शिंप्याला मिळालं नव्हतं, हे मला कळतं. माझ्या नशिबात एक तिरकं टेबल होतं, त्याच्या नव्हतं. पण म्हणून मी उपकार विसरू का? माझ्याच्याने होणार नाही.

गावी पोचलो तेव्हा आई ओटीवर बसलेली होती. तिला मी दिसलो नाही. मी काही बोलण्याआधीच तिने माझे दोन्ही हात धरले, तळव्यावरचे घट्टे चाचपले आणि म्हणाली, "सुतार आला." मला अकरा दिवस मिळाले. तिचे पाय चेपले, तिला भरवलं, तिच्या शिव्या खाल्ल्या. बाराव्या दिवशी फजरच्या, पहाटेच्या नमाजाच्या सुमारास ती गेली. तिला कबरीत मी माझ्या हातांनी उतरवलं. परदेशात राहणाऱ्या किती मुलांच्या वाट्याला हे येतं?

दोन महिन्यांनी बोटीने दुबईला परतलो. या वेळी पाण्यात उतरावं लागलं नाही. पासपोर्टवर शिक्का बसला तो मी शाई वाळेपर्यंत उघडाच धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पहाटे हॉलमध्ये गेलो तर जमिनीवर कोणीतरी माझ्या खुणा नव्याने काढलेल्या होत्या. निळीची खूण होती तिथेच होती, तशीच तिरकी. खिडक्यांना पडदे लागले होते. मी टेबल मांडलं, आखूड पायाखाली चीप ठोकली.

साहेब वाचायला उभे राहिले. आता डोळ्यांत ऊन नव्हतं, तरी मधेच एका ओळीवर ते थांबले. घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. नर्सबाईने पेटीवर एक सूर धरला आणि त्या सुराच्या आडोशाने त्यांनी ती ओळ पुरी केली.

नंतर खुर्च्या गोळा करताना तिने मला सांगितलं. साहेबांची आई गेली होती. माझी बोट सुटल्यावर तीन आठवड्यांनी. म्हातारी वर्षभर आजारी होती, माझ्या शनिवारच्या आधीपासून. दर शुक्रवारी ते शेवटी जी एक प्रार्थना हळू आवाजात वाचायचे ती तिच्यासाठीच असे. मी दाराशी उभा राहून ती ऐकत आलो होतो आणि मला काही कळलं नव्हतं. "ते घरी नाय गेले," नर्सबाई म्हणाली. "त्यांच्या खुर्चीवर बसायला कोण नव्हता."

साहेब व्हरांड्यात एकटे उभे होते, हातात चहा. मी जवळ गेलो. "साहब, बहुत अफ़सोस हुआ," एवढंच म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तुम पहुँच गए थे? वक़्त पर?"

"जी साहब. ग्यारह दिन मिले."

ते खाडीकडे बघत राहिले. एक अब्रा, म्हणजे खाडीतली होडी, पलीकडच्या काठाला, देऱ्याला चालली होती. "अच्छा है," ते म्हणाले. "हम दोनों में से एक तो पहुँचा."

मी तोंड फिरवून आत आलो. हॉल रिकामा होता. निळीच्या खुणेवर टेबल होतं, पांढरी चादर अजून काढलेली नव्हती. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. रोख बरोबर होता, मीच काढलेला. हात उचलले आणि आईसाठी फातिहा पढलो. मग त्या दुसऱ्या बाईसाठी.

तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. साहेबांनी माझी दुआ मागितली नव्हती, आणि आमच्यातला एखादा कर्मठ ऐकेल तर भुवया उंचावेल. पण तेव्हापासून आजतागायत आईचं नाव घेतलं की त्यापाठोपाठ मी म्हणतो, आणि साहेबांची आई. अकरा दिवस मला मिळाले, तिच्या मुलाला मिळाले नाहीत. निदान एवढं तरी तिला माझ्याकडून मिळायला हवं.